क्वॉरंटीन: शब्दातले चाळीस दिवस कुठे गेले?

क्वॉरंटीन या शब्दात रोग नाही, बंदी नाही, वेगळं ठेवणंही नाही. त्यात आहे फक्त एक आकडा, चाळीस. तरी १९६९ मध्ये चंद्रावरून परतलेल्या तिघा अंतराळवीरांचं क्वॉरंटीन २१ दिवसांचं होतं, कोविडच्या साथीत ते बहुतेक ठिकाणी १४ दिवसांचं होतं, आणि ‘चौदा दिवसांची चाळिशी कशी?’ असं कोणी विचारलं नाही. शब्दाच्या पोटातला आकडा असा पूर्ण विरघळून जाणं मला फार विलक्षण वाटतं. तो नेमका कधी आणि कसा विरघळला, याचा मागही बऱ्यापैकी काढता येतो.

सुरुवात उच्चारापासून करू, कारण मराठीत ‘क्वारंटाइन’ इतकं रुळलंय की तेच मूळ रूप वाटतं. इंग्रजीत शेवटचा भाग ‘टाइन’ नाही, ‘टीन’ आहे. मशीन, मरीन या शब्दांत असतो तसा. जोर पहिल्या अक्षरावर. म्हणजे क्वॉरंटीन.

लॅटिनमध्ये चाळीसला ‘क्वाद्रागिन्ता’ म्हणत. बोलून बोलून ते झिजलं आणि इटालियनमध्ये ‘क्वारान्ता’, फ्रेंचमध्ये ‘कारांत’, स्पॅनिशमध्ये ‘क्वारेन्ता’ झालं. आपल्याकडे संस्कृत ‘चत्वारिंशत्’ प्राकृतात ‘चत्तालीस’ झालं आणि मराठीत ‘चाळीस’. दोन्हीकडची झीज साधारण एकाच तऱ्हेची, आणि दोन्ही शब्द मुळात सख्खे चुलत. लॅटिन आणि संस्कृत ज्या एका प्राचीन भाषेतून निघाल्या, तिच्यातल्या ‘चार’ आणि ‘दहा’ यांच्या जोडातून हे दोघे आले आहेत. लॅटिनमध्ये जिथे ‘क्व’ दिसतो तिथे संस्कृतात बरेचदा ‘च’ सापडतो. ‘क्वात्तुओर’ म्हणजे ‘चत्वार’. ‘क्विन्क्वे’मधला दुसरा ‘क्व’ म्हणजे ‘पञ्च’मधला ‘च’. लॅटिनमध्ये शब्दाच्या शेवटी चिकटणारा ‘क्वे’ म्हणजे ‘आणि’. संस्कृतात ‘रामो लक्ष्मणश्च’ म्हणताना शेवटी येतो तोच हा ‘च’. हे एकदा लक्षात आलं की क्वॉरंटीन आणि चाळीस हे शब्द कानाला परके राहत नाहीत.

आता शेपटाकडे बघा, कारण शब्दाचं खरं मर्म तिथे आहे. इटालियन ‘क्वारान्तिना’ किंवा फ्रेंच ‘कारांतेन’ याचा अर्थ नेमका चाळीस नाही. तो ‘चाळीसेक’ असा आहे. आपण ‘तिथे चाळीसेक माणसं होती’ म्हणतो, त्या ‘एक’चं काम तिथे हा प्रत्यय करतो. फ्रेंच माणूस आजही ‘कारांतेन’ हा शब्द चाळीसेक माणसं, चाळीसेक पानं अशा अर्थी सहज वापरतो. डझन हा शब्दही असाच घडला: फ्रेंच ‘दूझ’ म्हणजे बारा, त्याला तोच प्रत्यय लागून ‘दूझेन’, आणि त्यातून इंग्रजी डझन. इंग्रजांनी डझनाला नेमकं बारावर बसवलं आणि क्वॉरंटीनला मोकळं सोडलं. त्यामुळे क्वॉरंटीनमध्ये आकडा सैल झाला म्हणून हळहळायचं कारण नाही. हा शब्द जन्मापासून ‘चाळीसेक दिवस’ असाच होता.

प्रथेचा पहिला लेखी कायदा मात्र चाळीस दिवसांचा नव्हताच. एड्रियाटिक समुद्राच्या काठी रागुसा नावाचं व्यापारी नगरराज्य होतं, म्हणजे आजच्या क्रोएशियातलं डुब्रोव्निक. १३४८ मध्ये प्लेगनं युरोप झोडपून काढला होता आणि त्यानंतर साथ पुन्हा पुन्हा येत होती. बंदर बंद करावं तर व्यापार बुडतो, उघडं ठेवावं तर माणसं मरतात. रागुसाच्या महासभेनं २७ जुलै १३७७ रोजी मधला मार्ग काढला. प्लेगच्या गावाहून येणाऱ्यानं शहरात पाऊल ठेवण्याआधी एक महिना म्रकान या ओसाड बेटावर किंवा जवळच्या त्साव्तात गावात काढायचा. शहरातल्या कोणी तिथे जायचं नाही. गेलाच तर त्यानंही तिथेच महिना काढायचा. नेमून दिलेल्या माणसांखेरीज कोणी तिथे अन्न पोचवायचं नाही. पोचवलं तर त्यालाही तीच शिक्षा. नियम मोडणाऱ्याला दंड, वर महिनाभराचा वेगळा मुक्काम.

या कायद्याची आखणी मला थक्क करते. जंतू म्हणजे काय हे कोणालाच माहीत नव्हतं, तरी साखळी कुठे तुटते हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. सगळ्यात कच्चा दुवा म्हणजे डबा घेऊन जाणारा माणूस, आणि त्याच्यासाठी वेगळं कलम आहे. त्या मुदतीला नाव मिळालं ‘त्रेन्तिनो’. ‘त्रेन्ता’ म्हणजे तीस, लॅटिन ‘त्रीगिन्ता’, आपलं ‘त्रिंशत्’. आकडा तीसवरच थांबला असता तर आज आपण भलताच शब्द वापरत असतो.

पुढच्या काळात व्हेनिस, जिनोआ, मार्सेय अशा बंदरांनी ही प्रथा उचलली आणि मुदत चाळिसावर गेली. वाढ का झाली याची दोन कारणं इतिहासकार देतात. एक धार्मिक: ख्रिस्ती परंपरेत चाळीस हा शुद्धीचा आकडा. नोहाच्या प्रलयात चाळीस दिवस पाऊस पडला, येशूनं रानात चाळीस दिवस उपास केला, ईस्टरच्या आधीचा उपासाचा काळ चाळीस दिवसांचा. दुसरं वैद्यकीय: हिप्पोक्रेटिसच्या परंपरेत तीव्र आजाराचा निकाल चाळीस दिवसांच्या आत लागतो असं मानत. मला ही कारणं एकमेकांविरुद्ध वाटत नाहीत. जो आकडा पाद्रीही सांगतो आणि वैद्यही, तो लोकांच्या गळी उतरवणं नगरपालांना सोपं गेलं असणार.

व्हेनिसनं या प्रथेला इमारती दिल्या. १४२३ मध्ये शहरालगतच्या सांता मारिया दि नाझारेथ या बेटावर प्लेगच्या रोग्यांसाठी कायमचं रुग्णालय उभं केलं. नाझारेथ हे बेटाचं नाव आणि महारोग्यांचा कैवारी मानला जाणारा संत लाझारस यांची सरमिसळ होऊन ‘लाझारेत्तो’ हा शब्द तयार झाला, आणि अशा प्रत्येक जागेला तेच नाव पडलं. १४६८ मध्ये दुसऱ्या बेटावर नवं लाझारेत्तो काढायचं ठरलं. जुन्या बेटावर आजारी माणसं, नव्या बेटावर आजाराचा नुसता संशय असलेली माणसं, जहाजं आणि त्यांचा माल.

नव्या बेटावर माणसांइतकाच मालाचा पहारा असे. लोकर, कापूस, कातडी, कापड अशा सच्छिद्र मालात रोग दडतो अशी समजूत होती. म्हणून गासड्या फोडायच्या, माल पसरून वारा द्यायचा, उलथापालथ करायची आणि जुनिपर, रोझमेरी अशा वनस्पतींची धुरी द्यायची. यासाठी बांधलेली शंभर मीटरहून लांब वखार त्या बेटावर आजही उभी आहे, आणि तिच्या भिंतींवर तिथे अडकून पडलेल्या लोकांनी काढलेली अक्षरं, चिन्हं, जहाजं दिसतात.

या दोन बेटांमधला फरक म्हणजेच क्वॉरंटीन आणि आयसोलेशन या शब्दांमधला फरक. जो आजारी आहे त्याला इतरांपासून दूर ठेवणं हे आयसोलेशन. जो आजारी नाही, पण रोगाशी संपर्क आल्यामुळे आजारी पडू शकतो, त्याला मुदत संपेपर्यंत वेगळं ठेवणं हे क्वॉरंटीन. चाचणीत रोग निघाला की माणूस क्वॉरंटीनमधून आयसोलेशनमध्ये जातो. इंग्रजी लिहिणाऱ्यांचाही इथे सर्रास घोळ होतो.

आणि आयसोलेशनच्या पोटात काय आहे? बेट! लॅटिन ‘इन्सुला’ म्हणजे बेट, इटालियनमध्ये ‘इझोला’, त्यावरून ‘इझोलातो’ म्हणजे बेटासारखा एकटा पाडलेला. फ्रेंचमधून हा शब्द अठराव्या शतकात इंग्रजीत आला. विजेच्या तारेवरचं इन्सुलेशन त्याच ‘इन्सुला’तून. स्वादुपिंडात पेशींचे बेटांसारखे पुंजके असतात. पॉल लांगरहान्स यानं १८६९ मध्ये त्यांचं वर्णन केलं आणि त्यांतून स्रवणाऱ्या द्रव्याला नाव पडलं इन्सुलिन. गंमत अशी की बेटासाठीचा रोजचा इंग्रजी शब्द, आयलंड, या कुटुंबातला नाहीच. तो जुन्या इंग्रजीतला घरचा शब्द, आणि त्यात ‘एस’ नव्हता. फ्रेंचमधून आलेल्या ‘आइल’ शब्दाशी नातं असेल असं समजून लोकांनी मागाहून तो घातला. म्हणून तो लिहायचा असतो, बोलायचा नसतो.

इंग्रजीत क्वॉरंटीन शब्दाचा प्रवेश रोगाच्या दारानं झाला नाही. सुरुवातीच्या नोंदींत हा शब्द येशूनं उपास केलेल्या रानाचं नाव म्हणून येतो. मग सोळाव्या शतकात कायद्याच्या भाषेत वेगळाच अर्थ दिसतो. नवरा वारल्यावर विधवेला त्याच्या घरात चाळीस दिवस राहण्याचा हक्क होता, आणि तेवढ्या मुदतीत तिचा वाटा तिला नेमून द्यायचा असे. हा हक्क १२१५ च्या मॅग्ना कार्टा या इंग्लंडच्या राजाच्या सनदेच्या सातव्या कलमात आहे आणि त्याचं नाव विधवेचं क्वॉरंटीन. शब्द तोच, चाळीस दिवस तेच. पण इथे ती मुदत म्हणजे कोंडून ठेवणं नाही, बाहेर काढता न येण्याचं संरक्षण आहे. म्हणून जुन्या इंग्रजी कागदपत्रांत हा शब्द दिसला की लगेच साथ आठवू नये. आधी विषय जमिनीचा आहे की जहाजांचा ते बघावं.

आकडा विरघळल्याची नोंद सतराव्या शतकात सापडते, तीही एका जाणत्या साक्षीदाराच्या हातची. सॅम्युएल पेपिस (उच्चार ‘पीप्स’) हा इंग्लंडच्या आरमाराच्या कचेरीतला अधिकारी रोजनिशी लिहीत असे. २६ नोव्हेंबर १६६३ च्या नोंदीत तो म्हणतो की अ‍ॅमस्टरडॅममध्ये प्लेग वाढतोय, आणि तिथून व हॅम्बर्गहून येणाऱ्या जहाजांना क्वॉरंटीन पाळायला लावायचं ठरतंय. मग कंसात लिहितो की हुकमात मुदत तीस दिवसांची दिली आहे, हे शब्दाच्या अर्थाला धरून नाही. पण आता सर्वसाधारण वापरात हा शब्द ती गोष्ट दाखवतो, त्यात घालवलेला काळ नव्हे.

शब्दार्थ बदलताना बोलणाऱ्यांना सहसा कळत नाही. शब्दकोशकार शंभर-दोनशे वर्षांनी मागे वळून बघतात तेव्हा उमगतं. इथे एक माणूस बदल होत असतानाच तो टिपतो आणि त्याचं नेमकं कारणही सांगतो: शब्द काळाकडून कृतीकडे सरकला. रागुसाचे ‘तीस’ इंग्लंडमध्ये ‘चाळीस’च्या नावाखाली परत आले, आणि भाषेला त्याची अडचण झाली नाही. एकदा शब्द कृतीचा झाला की मुदत किती ठेवायची हा भाषेचा प्रश्न उरत नाही, रोगाचा होतो.

आज ती मुदत रोगाच्या अधिशयन काळावरून ठरते, म्हणजे संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत जास्तीत जास्त जितका काळ जातो त्यावरून. कॉलरात हा काळ काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत, पीतज्वरात तीन ते सहा दिवस, इबोलात दोन ते एकवीस दिवस. म्हणून इबोलाच्या संपर्कातल्या माणसावर २१ दिवस लक्ष ठेवतात. सरासरी धरून चालत नाही, वरची मर्यादाच धरावी लागते, कारण उशिरा लक्षणं दिसणारा एखादाच माणूस सगळी मेहनत वाया घालवू शकतो.

मोजणीत नेहमी होणारी चूक म्हणजे दिवस कुठून मोजायचे याची. मोजणी शेवटच्या संपर्कापासून सुरू होते. माणसाला खोलीत ठेवल्यापासून नाही, रोग्याचा अहवाल आल्यापासूनही नाही. अपोलो ११ च्या वीरांचे २१ दिवस चंद्राशी संपर्क आला तिथून, म्हणजे २१ जुलै १९६९ पासून मोजले. पृथ्वीवर ते २४ जुलैला उतरले आणि १० ऑगस्टला सुटले, म्हणजे परतीचा प्रवासही मुदतीत धरला गेला. दुसरी चूक उलट दिशेची. एकाच घरात रोगी आणि संपर्कातली माणसं एकत्र राहत असतील, तर शेवटचा संपर्क रोज नव्याने होतो आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. तिसरी चूक म्हणजे दहा दिवस काढलेल्या गटात आज आलेला माणूस सोडणं. त्या क्षणी सगळ्या गटाची मोजणी पहिल्या दिवसावर जाते.

इतकं सगळं पाळूनही प्लेग शहरात शिरत असे, आणि त्याचं कारण चाळीस दिवसांत नव्हतं. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला अलेक्झांडर येर्सिननं शोधला आणि उंदरांवरच्या पिसवांमधून तो पसरतो हे १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमोंनं दाखवलं. तोवर बंदरावरचे पहारेकरी माणसं मोजत होते, आणि उंदीर जहाजाच्या दोरावरून उतरून जात होते.

बंदरांवर या शब्दाचं एक दृश्य रूप अजून टिकून आहे. बंदरात येणारं जहाज संपूर्ण पिवळा झेंडा लावतं. आंतरराष्ट्रीय संकेतात हे ‘क्यू’ अक्षर, आणि त्याचा आजचा अर्थ ‘जहाजावर सगळे निरोगी आहेत, आत येण्याची परवानगी द्या’. जहाज खरंच क्वॉरंटीनमध्ये आहे हे सांगायला वेगळा झेंडा, ‘एल’ अक्षराचा, पिवळ्या-काळ्या चौकटींचा. पिवळा झेंडा पूर्वी भीतीची खूण होता, त्यामुळे जुन्या वर्णनात आणि आजच्या बंदरात त्याचा अर्थ जवळजवळ उलटा लागतो.

राजकारणातही हा शब्द उपयोगी पडला. ऑक्टोबर १९६२ मध्ये अमेरिकेनं क्यूबाकडे शस्त्रं नेणारी जहाजं अडवायचं ठरवलं, तेव्हा केनेडींनी नाकेबंदीसाठीचा ‘ब्लॉकेड’ हा शब्द टाळून क्वॉरंटीन म्हटलं. नाकेबंदी आंतरराष्ट्रीय कायद्यात युद्धाची कृती ठरते, क्वॉरंटीनला तो अर्थ चिकटलेला नव्हता. संगणकातला विषाणूरोधक प्रोग्रॅम संशयित फाइल बाजूला ठेवतो त्यालाही हेच नाव आहे.

‘चार’चं हे कुटुंब इंग्रजीत फार मोठं आहे: क्वार्टर, क्वार्ट, स्क्वेअर, स्क्वॉड, स्क्वॉड्रन, सगळे तिथलेच. दगडाची खाण या अर्थी क्वॉरी म्हणजे दगड चौकोनी घडवण्याची जागा, म्हणून तीही. कागदाचा क्वायर म्हणजे मुळात चार पत्रं दुमडून केलेला जुडगा. पण ‘क्व’ दिसला की चार असं समजलात तर फसाल. शिकारीचं सावज या अर्थी क्वॉरी हा निराळा शब्द आहे, त्याचा चौकोनाशी संबंध नाही. भांडण या अर्थी क्वॉरल हा तक्रार करण्याच्या लॅटिन क्रियापदावरून आला, तर धनुष्यावरच्या चौकोनी टोकाच्या बाणाचा क्वॉरल खरोखर चारच्या घरातला. लिहायला दोन्ही अगदी एकच. अशा वेळी दिसण्यावर न जाता शब्दाचा जुन्यात जुना अर्थ बघायचा आणि मग फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश या भावंडांत त्याचं रूप काय आहे ते पडताळायचं. क्वॉरंटीनच्या बाबतीत तिन्ही भाषांत चाळीसचा शब्द जिवंत आहे, म्हणून तिथे शंकेला जागाच नाही.

मराठीत लिहिताना अडचण पर्यायी शब्दाची येते. ‘विलगीकरण’ आपण दोन्हींसाठी वापरतो, आणि मग वाक्यातला माणूस आजारी आहे की नाही हेच कळत नाही. रोग्यासाठी ‘विलगीकरण’ आणि संपर्कातल्या निरोगी माणसासाठी ‘अलगीकरण’ अशी वाटणीही काही जण करतात. ती चांगली आहे, पण दोन शब्दांत एका अक्षराचाच फरक असल्यामुळे वाचणाऱ्याची नजर सहज घसरते. माझ्या मते क्वॉरंटीन तसाच ठेवावा आणि आयसोलेशनला विलगीकरण म्हणावं. ‘रोग्याचं विलगीकरण केलं आणि घरच्या चौघांना सात दिवस क्वॉरंटीनमध्ये ठेवलं’ या वाक्यात कोण आजारी आणि कोण नाही, याबद्दल शंका राहत नाही.